वच्छलाबाईंचा घसा

वच्छलाबाईंच्या आधी त्यांचा घसा शाळेत येई. फाटकापासून खाकरण्याचा आवाज आला, की पहिलीतली पोरं ताटल्या शोधायला लागत. अनसिंगजवळच्या आमच्या शाळेत त्या दुपारची खिचडी शिजवत आणि मी शिकवत असे. खाकरा आला की खिचडी हलवायचा सराटा बाजूला ठेवून, तोंडाला पदर लावून त्या पार निंबाखाली जात आणि हात साबणानं धुऊनच परत येत. "काय करू मॅडम, गळ्यात कोनी येऊन बसलं. निघतबी नाही अन् नावबी सांगत नाही," असं म्हणून स्वतःच हसत.

खिचडी वाढण्याआधी शिक्षकानं ती चाखायची आणि वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. वच्छलाबाई पहिली ताटली झाकून माझ्या टेबलावर आणून ठेवत. मी 'चव चांगली' लिहून सही करी, आणि त्यांची पाठ वळली की ताटली खिडकीखालच्या शेळीपुढे रिकामी करी. मनाशी घशाचं कारण देई. पण त्यांच्या आधीची बाई तंबाखू मळता मळता फोडणी द्यायची, तिची खिचडी मी आवडीनं खाल्ली होती. वच्छलाबाई बौद्ध वस्तीतल्या होत्या. आमच्या घरात हे कधी कोणी उघड बोललं नव्हतं, तरी माझ्या हाताला ते बरोबर ठाऊक होतं. हे कबूल करायला इतके दिवस लागले, याचीही लाज वाटते.

गावातल्या काही घरांनाही कारण हवंच होतं. "बाई सारखी खाकरून राह्यली, लेकराइले बिमारी लागीन," अशी तक्रार आली. मी वच्छलाबाईंना डॉक्टरांचा कागद आणायला सांगितलं. त्या वाशीमला जाऊन तपासून आल्या. छाती साफ होती, लागण होण्यासारखं काही नव्हतं. चुलीचा धूर आणि पित्त, दोन्हींनी मिळून घशात चिकटा धरला होता. दिवसभर उपाशी राबायचं, रात्री पोटभर जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, ही त्यांची जुनी सवय. ती त्यांनी मोडली. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या सुरू केल्या. "डाक्टर म्हने, खाकरल्यानं गळा अजून सोलते. खाकरा आला का घोटभर पानी प्या." महिनाभरात आवाज निम्म्यावर आला.

शाळा समितीच्या बैठकीत तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो बाहेर काढला नाही. दुसरी बाई नेमायचं ठरलं.

"कागद दाखवला ना मॅडम?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"दाखवला."

"मंग तुमी तरी काय करसान," म्हणत त्यांनी सराटा घासून जागेवर ठेवला.

यंदा माझाच घसा धरला. खडूची धूळ आणि पित्त, डॉक्टर म्हणाले. वर्गात दिवसभर खाकरते. तक्रार करणाऱ्यांपैकीच एकानं ज्येष्ठमध आणून दिलं. कागद कोणी मागितला नाही.

परवा रिसोडच्या बसस्टँडवर खाकरत उभी होते, तर मागून ओळखीचा आवाज आला, "खाकरू नका मॅडम, पानी घ्या." वच्छलाबाई होत्या, सोबत नवी सून. त्यांनी बाटली पुढे केली. "घ्या, उष्टी नाही, मी तोंड लावेल नाही."

मी प्यायले. त्या सुनेला मोठ्या कौतुकानं सांगू लागल्या, "ह्या आमच्या मॅडम. दोन वर्सं माह्या हातची खिचडी सगळ्याइच्या आधी ह्याच खात. रोज वहीत लिहत, चव चांगली."

सुनेनं हात जोडले. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि नुसतीच खाकरले.

वच्छलाबाईंनी बाटली पुन्हा पुढे केली.