खोडायचं नाही असं ठरलं होतं

तिघांनी मिळून कादंबरी लिहायची, ही खाज माझीच. ओझरच्या विमान कारखान्यातला माझा मित्र, मखमलाबादला फुलशेती करणाऱ्या एक ताई, आणि मी, नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासणारा. नव्वदनंतरची वर्षं. एक जाड वही आळीपाळीने फिरायची. आपलं प्रकरण लिहून पुढच्याला द्यायची आणि दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही, एवढाच नियम. बायको म्हणाली, बारा सुगरणी नि भाजी अळणी. मी म्हटलं, गप बस, तिघंच आहोत.

ताई फुलबाजारात माल उतरवून येताना वही माझ्या टेबलावर ठेवून जायच्या. पानांत झेंडूच्या पाकळ्या निघायच्या, त्या झटकत मी वाचायचो.

कादंबरीतल्या घरचा मुलगा भांडून निघून गेलेला. हा धागा मित्राचा. दर खेपेला त्याच्या प्रकरणात मुलगा परत यायला निघायचा आणि यायचाच नाही. कधी पत्र टाकायचा, कधी चांदवडच्या फाट्यावर कुणाला दिसायचा. माझं डोकं फिरलं, गोष्ट पुढे हलेचना. मित्राचा स्वतःचा मुलगा बारावीला नापास झाल्यावर बापाची थप्पड खाऊन घर सोडून गेला होता, दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते केलं. माझ्या प्रकरणात मुलगा चांदवडजवळच्या घाटात ट्रकखाली गेला, सहा ओळींत. वर स्वतःवरच खूश झालो.

वही मित्राकडे गेली आणि तिथेच राहिली. तीन महिने वाट पाहून मी ओझरला गेलो. त्याने चहा पाजला, कारखान्यातल्या बढत्यांचं सांगितलं, वहीचं नावही काढलं नाही. निघताना म्हणाला, "तू लिहिलंस ते बरोबरच असेल. मला पुढचं सुचत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते पान खोडतो असं म्हणवलं नाही. नियम ना!

शेवटी ताईंनी वही त्याच्याकडून आणली. त्यांच्या प्रकरणात ट्रकखाली सापडलेला दुसराच कुणी निघाला. आपल्या पोराने त्याला फक्त अंगातला स्वेटर दिला होता, त्यावरून ओळख चुकली. इतकी गुळगुळीत झालेली युक्ती! मी त्यांच्या मळ्यात जाऊन भांडलो, कादंबरीचं वाटोळं केलंत म्हणालो. त्या शेवंती खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, खोडायचं नाही असं ठरलं होतं. जिता करायचा नाही असं कुठं ठरलं होतं?"

मित्राने मग महिनाभरात तीस पानं लिहिली. मुलगा भर दुपारी घरी येतो आणि बाप एवढंच विचारतो, जेवलास का. तिथे कादंबरी संपली. भाजी अळणीच झाली होती, छापायला कुणी घेतली नाही. चांगल्या कादंबरीला निर्दय माणूस लागतो असं मी तेव्हा म्हणायचो. आता एवढ्या ठामपणे म्हणवत नाही. निर्दय मी होतोच की, आणि सगळ्यात वाईट पान माझंच आहे.

दहाएक वर्षांनी मित्र गेला. खरा मुलगा तोवर आलाच नव्हता. आला तो बापाचं तेरावं उलटून गेल्यावर. आईने सांगितलं म्हणून वही मागायला माझ्या दारात उभा राहिला. माझं ते पान फाडून टाकावंसं वाटलं. नाही फाडलं. तो तिथेच बसून वाचत गेला आणि थांबला.

"काका, ह्याला मारलं कोणी?"

"मी," म्हटलं.

त्याने पानं उलटली. शेवटी बापाचं अक्षर ओळखलं, खूप वेळ त्या पानावर राहिला. बाबा खरंच असं बोलले असते का, असं त्याने विचारलं.

तेवढ्यात बायको पाणी घेऊन बाहेर आली. ती वही तिने कधी उघडलीही नव्हती. त्याच्याकडे बघून म्हणाली, "जेवलास का रे?"

वही मांडीवर तशीच ठेवून तो रडायला लागला, आणि मीही.