रज्जाकचे दोन रंग

इंदुरी गावचा रज्जाक अठराव्या वर्षी लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये लागला आणि त्याला तडक राखेच्या खड्ड्यात उतरवलं. वर इंजिन उभं, खाली हा गरम राख ओढतोय, असं अकरा वर्षं चाललं. घरी आला की बायको, बिस्मिल्ला, आधी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायची आणि मगच त्याच्याशी बोलायची. आपण जगतो कशासाठी, हा प्रश्न त्याला रोज दुपारी दोनच्या सुमारास पडायचा. उत्तर एकच होतं: एक दिवस या खड्ड्यातून वर चढायचं आणि कोळसा टाकणारा फायरमन होऊन इंजिनावर उभं राहायचं.

एकोणीसशे एकवीस साली त्याचा नंबर लागला. राहिली होती फक्त डोळ्यांची तपासणी, कारण सिग्नलचे रंग फायरमनलाही ओळखावे लागत. डॉक्टरांनी टेबलावर लोकरीच्या रंगीत लडी पसरल्या, एक हिरवी त्याच्या हातात दिली आणि तिच्यासारख्या पाच निवडायला सांगितल्या. रज्जाकनं छाती फुगवून पाच निवडल्या. त्यातल्या तीन तांबूस निघाल्या. डॉक्टरांनी त्याला महिन्यानं पुन्हा एकदा यायला सांगितलं.

त्या रविवारी त्याचा जिवाचा दोस्त नथू, जो आधीच फायरमन झाला होता, घरी आला. पाऊस नुकताच थांबला होता आणि वलवण गावाच्या अंगाला इंद्रधनुष्य उभं होतं. बिस्मिल्ला दारात उभी राहून रंग मोजत होती.

"पुरे की आता," रज्जाक वैतागला. "दोनच तर हायेत. एक पिवळा, एक निळा. लोक उगाच सात म्हनत्यात."

बिस्मिल्ला त्याच्याकडे बघतच राहिली. "अवो, सात हायेत. खरंच हायेत."

चांदोबात ससा असतो म्हणतात ना, तसंच हेही एक म्हणायचं, असं रज्जाक लहानपणापासून धरून चालला होता. आई मोजायची, शेजारी मोजायचे, हा मान डोलवायचा. एकोणतीस वर्षं सगळं जग खोटं बोलतंय असं त्याला वाटत होतं, आणि खोटे निघाले त्याचेच डोळे. त्याला फार एकटं वाटलं.

"मंग त्ये हाय का न्हाई?" त्यानं नथूला विचारलं.

"आसंल न्हाई तर नसंल! त्याच्यापातूर चालत कोन गेलंय? तू डाक्तरला पायजे त्ये सांग, मंजी झालं."

नथूनं रंगीत लोकर मिळवली आणि महिनाभर दोस्ताला राबवलं. तांबडी जरा काळपट दिसते, हिरवी जरा उजळ, एवढं धरून रज्जाक बिनचूक सांगायला शिकला. बिस्मिल्ला लडी उलटसुलट करून विचारायची आणि त्याचं बरोबर आलं की खुशीत हसायची.

दुसऱ्या खेपेला पाचच्या पाच बरोबर आल्या. डॉक्टरांनी 'पास' लिहिलं आणि सहीसाठी टाक दौतीत बुडवला. खिडकीबाहेर फलाटावर धुकं होतं. पुण्याहून आलेली मुंबईची गाडी घाट उतरायला निघायची होती, आणि तिचा सिग्नल धुक्यात नुसता एक पुसट ठिपका दिसत होता. काळपट की उजळ? रज्जाकनं डोळे ताणले. कळेना. डब्याच्या खिडकीत एक बाई मांडीवरच्या पोराला निवांत थोपटत बसली होती.

"सायेब," तो म्हणाला, "म्या लडी वळखल्या. रंग दिसलं न्हाईत."

डॉक्टरांचा हात थांबला. "अरे, मी सही करतच होतो की!"

"व्हय जी."

डॉक्टरांनी कागद फाडला. नथू चार महिने त्याच्याशी बोलला नाही. रज्जाक पुन्हा खड्ड्यात उतरला. आठ-नऊ वर्षांनी घाटात विजेची इंजिनं आली आणि राखेचं काम संपलं, तेव्हा त्याला फलाट झाडायला लावलं. निवृत्त होईपर्यंत तो झाडत राहिला. आपण मूर्खपणा केला असं त्याला नेहमी वाटायचं, पाठ धरली की जास्तच, आणि तो ते बोलूनही दाखवायचा.

म्हातारपणी त्याच्या पाठीला तेल चोळताना बिस्मिल्लानं एकदा विचारलं, "पुन्यांदा तशी येळ आली तर वो?"

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"त्येच सांगीन," तो म्हणाला. "पन लय दमलो गं, खरं बोलून."