आतून लावलेली कडी

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्याले नाही, सख्ख्या बहिणीलेही नाही. तुम्हाले सांगून राह्यली, कारण — कारण कायचं, पोटात मावेनासं झालं, बस.

तशी मी हसरी बाई. ढाणकीत कुठं बायकांचं खिदळणं ऐकू आलं की लोकं म्हणतात, मंगल तिथंच असन. दर गुरुवारी दुपारी आम्ही वाचनालयाच्या खोलीत जमतो. एकीनं गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी ऐकता ऐकता देवाच्या वाती वळायच्या. काय मजा येते म्हणून सांगू! वाचते बहुतेक नलूच — माझी शेजारीण, बावीस वर्षांपासूनची मैत्रीण. गळा भारी गोड तिचा.

मागच्या महिन्यात तिनं एक विचित्रच गोष्ट वाचली. एक गाव, सारे भले लोक. पण दर सणाले एका घराचं आमंत्रण ते मुद्दाम विसरतात, आणि पंगतीत मजेत हसतात. त्या घरची बाई नवं लुगडं नेसून दारात बसलेली. संपली गोष्ट! ना कोणाले शिक्षा, ना पश्चात्ताप. साऱ्यांचे हात थांबले. मग एकच गिल्ला — माणसं आहेत का कोण मेले! सगळ्यात मोठा आवाज माझा. म्हणलं, असे लोक कुठं असतात काय, लिहिणाऱ्याचंच डोकं फिरलं असन.

नलूनं पुस्तक मिटलं. "असतात," म्हणे. "अन् स्वभावानं चांगले असतात."

माझ्याकडे पाहून बोलली का? माहीत नाही. मी खाली पाहत होती.

ज्या वर्षी कापसाचे भाव पार बसले, त्याच वर्षी नलूचा नवरा तापानं गेला. संक्रांत आली. आता तिले हळदीकुंकवाले बोलवावं कसं? — सासूबाई काही म्हणाल्या नव्हत्या, कोणीच म्हणालं नव्हतं. माझंच डोकं. तिनं विचारलं तर मी म्हणलं, "यंदा कापसानं साऱ्यांची वाट लावली, कायचं हळदीकुंकू करता! नाही करत." तिनं लगेच मानलं. त्या साली कोण नसतं मानलं?

आणि मी केलं. तीस बाया, तिळगुळ, उखाण्यांचा नुसता धिंगाणा. तेवढ्यात खिडकीतून नलू अंगणात येताना दिसली, हातात झाकलेली वाटी. मी उठली आणि — दाराले आतून कडी लावली.

तिनं दोनदा दार वाजवलं. "मंगल," अशी हाकही मारली. आमचं हसणं तिले ऐकू गेलं असन ना? जाणारच.

मले लई वाईट वाटलं, असं सांगता आलं असतं. पण नाही वाटलं. दार वाजत होतं तेव्हाच उखाण्याची माझी पाळी आली. मी नवऱ्याचं नाव घेतलं, चांगला लांबलचक उखाणा, एका शब्दालेही न अडखळता. बायांनी टाळ्या पिटल्या. तेवढी मजा मले पुढं कोणत्याच हळदीकुंकवात आली नाही.