आजीचं चौथं नाव

आंटी एमालियाला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही. दुकानात रांगेत उभी राहिली तरी पुढच्याच्या टोपलीत डोकावून ती बोलणारच. "एवढे डबे? घरी चूल नाही का रे?" लोक हसून घेतात, कारण हवाईतल्या आमच्या मोलोकाई बेटावर ती सगळ्यांचीच आंटी आहे. माझी मात्र सख्खी, माझ्या वडिलांची थोरली बहीण. एकाहत्तर वर्षांची, पायाने अधू, तोंडाने तिखट. अशी बाई एका गोष्टीवर तीन महिने माझ्यासमोर मूग गिळून बसली होती, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

झालं असं, की एकतीस वर्षं यादीत अडकलेलं तिचं नाव वर आलं. ज्याच्या अंगात निम्मं तरी हवाईयन रक्त आहे, त्याला आमच्याकडे घरासाठी जमिनीचा तुकडा मिळतो. पण निम्मं म्हणजे निम्मं, आणि तेही कागदावर. आंटीचे वडील पोर्तुगीज. त्यामुळे तिची आई पुरी हवाईयन होती हे दाखवणं भाग होतं. आईच्या वडिलांचे कागद होते. अडलं होतं ते आईच्या आईपाशी.

जमीन आंटीला स्वतःसाठी नको होती. तिची एकुलती एक मुलगी इवालानी बावीस वर्षांपूर्वी वेगासला गेली. इथे घरं परवडत नाहीत, म्हणून आमची निम्मी माणसं तिकडेच असतात. ती तिथे हॉटेलातल्या चादरी धुते. आंटीनं नात पाहिलीय ती फक्त फोनवर. "एकदा जमीन झाली, की पोरीला म्हणणार, ये आता," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते.

मग मी कंबर कसली. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपलं की रोज दुपारी कागद उपसायचे. पणजीची तीन नावं सापडली. चर्चमध्ये रेबेका, घरात काहेआना, लग्नानंतर मिसेस नाहूलू. तिन्ही एकाच बाईची, हे सिद्धही झालं. पण तिचे आईबाप कोण, हे एकाही कागदावर नव्हतं. तिचा सगळ्यात जुना कागद ती सात वर्षांची असतानाचा; जणू ती सात वर्षांची होऊनच जन्माला आली होती.

आमच्या घरात सगळी नावं लिहिलेली एक वही होती. ती आंटीनंच आपल्या आईच्या शवपेटीत ठेवली. म्हातारीची तशी इच्छा होती. आमच्यात हे चालतं, नावं भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून. आणि पेटी उघडायची गोष्ट आमच्यात कुणी विनोदानंही काढत नाही.

शेवटी बेटाच्या पूर्व टोकाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यांची आणि दफनांची जुनी वही मिळाली. साल जुळलं, गावही जुळलं. पाउओले नावाचा माणूस आणि मेले नावाची त्याची बायको, दोघंही हवाईयन. त्यांची तीन मुलं दफन केल्याची नोंद, आणि त्याखाली चौथी, एक मुलगी. तिच्या नावाचा अर्थ इतका घाणेरडा, की वाचून मलाच लाज वाटली. पण मुलं जगत नसली की पूर्वी असंच करायचे. वाईट शक्तींनी नाक मुरडून पुढे जावं म्हणून पोराला घाणीचं नाव द्यायचे. पोर सात-आठ वर्षांचं धडधाकट झालं, की प्रार्थना करून ते नाव काढून घ्यायचे आणि दुसरं द्यायचे.

मी धावत आंटीकडे गेले. ती ओसरीवर वाडग्यातली पोई, आमची अळूच्या कंदाची लापशी, बोटाने चाखत बसली होती.

"आंटी, सापडली! तिला चौथं नाव होतं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. आईनं सांगितलं होतं."

माझं डोकंच फिरलं. "तीन महिने मी धूळ खाल्ली, आणि तू इथे बसून पोई खात होतीस? तोंडाला कुलूप का लावलंस?"

तिनं वाडगा खाली ठेवला. "तुझा भाऊ लिको माहीत आहे ना?"

लिको तिचा पहिला मुलगा. दोन वर्षांचा असताना गेला, माझ्या जन्माच्या आधी.

"नवऱ्याच्या नातेवाइकांत बसले होते. सगळे आपापल्या घराण्याच्या गमती सांगत होते. मीही सांगितली. आजीचं ते नाव घेतलं, सगळे पोट धरून हसले. आईनं बजावलं होतं, काढून घेतलेलं नाव घ्यायचं नाही, घेतलं की त्या वाईट शक्तींना घराचा पत्ता लागतो. नवव्या दिवशी पोर तापानं गेलं."

"आंटी, ताप होता तो."

"डॉक्टरही तेच म्हणाला," ती म्हणाली, आणि पुन्हा वाडगा उचलला.

जमिनीच्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं होतं, की साल, गाव सगळं जुळतंय. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं हे चौथं नावही त्याच बाईचं आहे असं शपथेवर सांगितलं तर चालेल. वडीलधारं म्हणावं असं आंटीशिवाय उरलं होतं कोण? मी तिच्या खूप मागे लागले. वाट्टेल ते बोलले. "मेलेल्या पोरासाठी जिवंत पोरीला तिकडे ठेवणार आहेस का?" असंही बोलले. त्याची मला आजही लाज वाटते.

पण त्या वाक्यानंतर ती उठली. चर्चला जाताना घालते तो पांढरा झगा घातला.

ऑफिसात तिनं हात वर केला. तिन्ही नावं सांगितली, मग थांबली. तिथली मुलगी अदबीनं म्हणाली, "आंटी, सावकाश सांगा." आंटी तिच्याकडे बघतच नव्हती. खिडकीकडे बघून म्हणाली, "हे मी बोलते आहे. एमालिया. माझी लेक नाही, नात नाही. मी." आणि मग ते नाव घेतलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी ते नाव मी इथे लिहिलेलं नाही.

दोन महिन्यांनी जमीन मिळाली. लाल माती, सतत वारा, कडेला काटेरी झाडं. आंटी कुंपणापाशी उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. इवालानीचा फोन आला, तिकडून ती रडत हसत होती. तिनं आणि तिच्या पोरीनं विमानाची तिकिटं बघायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी आंटीनं मला बोलावलं. "तिला सांग, कागद अडकलेत. वर्षभर तरी येऊ नको."

"अगं, हे सगळं तिच्यासाठीच केलंस ना?"

"म्हणूनच सांगते आहे. आता त्यांना पत्ता लागलाय. त्यांना यायचं असेल तर आधी माझ्याकडे येऊ देत." मग खाली बघत म्हणाली, "नातीला ताप नाही ना, तेवढं विचार."

फोन मीच केला, निरोप सांगितला. इवालानी हळूच म्हणाली, "खरं सांग मला. आईला मी तिकडे नकोय का?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण ते द्यायचं तर नावाचं सगळं सांगावं लागलं असतं.

"कागद अडकलेत," मी म्हणाले. "बाकी, पोरीला ताप वगैरे नाही ना?"