भिंतीला सुटलेलं पोट

भिंत कमरेएवढी झाली आणि तिला पोट सुटलं.

सरपंच कुसुमताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हिले कितवा महिना हाये?"

शेलूबाजारजवळच्या त्यांच्या गावात आम्ही काँक्रीटच्या थ्रीडी प्रिंटरनं एसटीचा प्रवासी निवारा उभारत होतो. मी कंपनीची प्रोसेस इंजिनिअर. हा प्रिंटर म्हणजे खोलीएवढी लोखंडी चौकट. तिला टांगलेला नोझल टूथपेस्टसारखी काँक्रीटची पट्टी सोडत फिरतो. पट्टीवर पट्टी चढते, भिंत होते. खालची पट्टी वरचीचं वजन पेलण्याइतकी घट्ट हवी, पण वरची चिकटेल इतकी ओलीही हवी. सगळी गंमत तिथेच.

सकाळी छान चाललं होतं. दुपारी पट्ट्यांना चिरा पडू लागल्या, म्हणून मी मिक्समध्ये पाणी वाढवलं. चिरा गेल्या, पोट आलं.

"अर्धा गाव म्हणे गवंडी लावा," कुसुमताई म्हणाल्या. "मी एकटी मशीनवर अडून बसली. आता त्यायले काय सांगू?" त्या हसत होत्या, पण स्वतःचा चहा तसाच ठेवला होता.

मी हात धुवायला टाकीपाशी गेले. काळी टाकी, एप्रिलचं ऊन. बोटं भाजली. गरम पाण्यानं काँक्रीट फार लवकर आळतं, चिरा त्याच्याच होत्या. मिक्सला जास्त नाही, गार पाणी हवं होतं. शिवाय नोझल इतका पळत होता की खालच्या पट्टीला सावरायला वेळच मिळत नव्हता.

पुण्याला सरांना स्पीकरवर फोन लावला. भिंत पाडून स्पीड निम्मा करावा लागेल, असं सांगितलं.

"परवा निवारा बघायला पाहुणे येतायत. स्पीड कमी केला तर आपल्यात आणि गवंड्यात फरक काय?"

"गवंड्याची भिंत सरळ असते, सर."

कुसुमताई फोनकडे वाकल्या. "साहेब, आमची यष्टी रोजच लेट येते. निवारा लेट झाला तं कोणी रडत नाई. पण ह्या भिंतीखाली आमची लेकरं बसतीन."

निम्म्या स्पीडला किती तास लागतील, ते सरांनी विचारून घेतलं. मग, "पाडा."

स्वतःच छापलेली भिंत पाडताना बघणाऱ्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी कारंज्याहून बर्फ आणून टाकीत टाकला, टाकीवर ओली पोती घातली, स्पीड उतरवला. भिंत संथपणे, पण ओळंब्यात चढली. कुसुमताईंनी सगळ्या गावाला तिच्यावरून हात फिरवायला लावला.

पाहुणे आले. सर त्यांना म्हणाले, "क्वालिटीसाठी आम्ही मुद्दामच स्पीड कमी ठेवतो."

मी मान डोलावली. प्रिंटरचं सेटिंग एका दिवसात बदलता येतं. साहेबाचं बदलायला सरपंच लागतो.