पाशामियाँनी पट्टी फिरवली

भूकंपाच्या साली गच्चीवर छत्री बसवून आमच्या गल्लीत घरोघरी टीव्ही पोचवला तो पाशामियाँनी. पुढे लातुरात क्लासेसची चलती आली आणि त्याच वायरीतून ते इंटरनेट देऊ लागले. माझ्या हॉस्टेलच्या मुली त्यावरच अभ्यास करायच्या.

त्या रविवारी दुपारी त्यांच्यातल्या पुनमची ऑनलाइन परीक्षा होती. वरच्या बॅचमध्ये नंबर लागला तरच ती लातुरात राहणार. नाहीतर वडील तिला रेणापूरला परत नेणार होते. आणि स्क्रीनवर नुसतं चाक गरगरत होतं! मी पाशामियाँना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी खांबावर चढून सगळे जोड तपासले. सिग्नल टकाटक होता. मग ते खाली उतरले आणि कपाळाला हात लावून ओट्यावर बसले.

चूक अस्सल टीव्हीवाल्याची होती. टीव्हीचं एकच चित्र सगळ्यांना जातं. कितीही घरं जोडा, काही बिघडत नाही. त्याच हिशेबाने त्यांनी मागची नवी गल्लीही आमच्याच खांबावरच्या, घरोघरी सिग्नल वाटणाऱ्या डब्याला जोडली होती. पण इंटरनेटमध्ये प्रत्येकाचा माल वेगळा आणि वायर सगळ्यांत मिळून एकच. शिवाय इकडून काही पाठवायचं तर प्रत्येक मोडेमने ऑफिसातल्या मशीनकडे पाळी मागायची, आणि ती मिळेपर्यंत थांबायचं. दुसरा डबा बसवायला दोन दिवस तरी लागणार होते.

मी रडकुंडीला आले. पाशामियाँ मात्र ताडकन उठले. वाढदिवस आणि हरवलेल्या शेळ्या सांगणाऱ्या आपल्या लोकल चॅनलवर त्यांनी पट्टी फिरवली: ‘पोरींची परीक्षा हाय. नेट बंद ठेवा. टीव्ही बघा, टीव्हीनं कुणाचंच अडत न्हाई.’ वर मारधाडीचा एक सिनेमाही लावून दिला.

काय सांगू, दोन्ही गल्ल्यांत घराघरातून एकच ढिशुमढिशुम ऐकू येऊ लागलं! इकडे पुनमचे प्रश्न पटापट उघडत होते, उत्तरं जात होती. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पेपर गेला तशी पुनम अनवाणीच पाशामियाँच्या घरी धावली. त्यांच्या बेगम रहमतबींना दर रविवारी याच वेळी मुलाचा, यासेरचा, दुबईहून व्हिडिओ कॉल यायचा. तरी मोडेमचा प्लग त्यांनीच सगळ्यांच्या आधी काढला होता. पुनमने तो स्वतः लावला. पण तोवर यासेर ड्यूटीवर निघून गेला होता.

पुनमचा चेहरा पडला. रहमतबींनी तिला जवळ ओढलं.

“यासेर पुढल्या इतवारी बी दिसंल. तू सांग, समदं लिवलीस का?”

“हाव, खाला. समदं.”