सुखदेव मला स्टँडवर भेटला होता

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. भूतखेत मी मानत नाही, आजही नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली घरातले देव वैनगंगेत सोडले. त्यांच्या मुलाने असलं काही सांगायचं म्हणजे...

मी कोंढ्याजवळच्या एका गावात विज्ञान शिकवत होतो. मुलांना एकच सवय लावली होती — कोणी काही सांगितलं की विचारायचं, "कशावरून?" ऐकलेलं कच्चं, डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. दसरा झाला होता. आमच्या तलावात ढीवर लोक शिंगाड्याचे वेल लावतात आणि डोंग्यात बसून शिंगाडे तोडतात. सुखदेव त्यांच्यातलाच. एका सकाळी तो तलावावर गेला आणि रात्री घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मोठी बहीण शेवंताबाई (तो तिला नुसतं 'बाई' म्हणायचा) पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन बसली. म्हणाली, "तो पाण्यातच आहे. जाळं टाका."

पोरं जाळं घेऊन उतरत होती. मी त्यांना थांबवलं. कारण आदल्या दुपारीच सुखदेव मला अड्याळच्या स्टँडवर भेटला होता. भर उन्हात, हातभर अंतरावर. शिंगाडे सोलून काळा पडलेला त्याचा अंगठा मला आजही दिसतो.

"कुठं रे?" मी विचारलं.

"नागपूरले जाऊन रायलो, गुरुजी. बाईले सांगजा, जेवाले थांबू नोको."

बस आली. तो चढला.

मला गावात परतायला रात्र झाली होती, म्हणून निरोप राहून गेला होता; आता मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. शेवंताबाईंनी मान हलवली. "नाही, गुरुजी. तो तलावातच आहे."

"कशावरून?"

"कशावरून काय? मले मालूम आहे."

"मालूम असणं म्हणजे पुरावा नव्हे, बाई. ही अंधश्रद्धा झाली."

मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजीनं परीक्षा घेतली, बाई नापास!" सगळे हसले. मीही हसलो. जाळं गुंडाळलं गेलं.

ती मात्र रोज पाळीवर बसायची. लोक गुरं धुवायचे, पाणी न्यायचे, तिच्याकडे पाहून हसायचे. नंतर धानाला शेवटचं पाणी सोडलं, तलाव खाली गेला आणि शिंगाड्याच्या वेलांत गुंतलेला सुखदेव सापडला.

तो नागपूरहून परतून बुडाला असेल, असं मी धरून चाललो. पण गावचा गुराखी पुढे आला. म्हणाला, "तो तलावावर गेला त्याच सकाळी डोंगा रिकामा तरंगून रायला होता. मीच काठाले बांधला. वाटलं, गेला असन घरी. मंग तुमी नागपूर सांगितलं, मी काई बोललो नाही." म्हणजे मी स्टँडवर त्याच्याशी बोललो, तेव्हा...

मला भास झाला म्हणावं, तर तो बोलला होता. दुसराच कोणी होता म्हणावं, तर मला गुरुजी म्हणून बहिणीला निरोप कोण देणार? माझ्या कसोटीवर माझं पाहणं पक्कं होतं आणि तिचं कच्चं. खरं मात्र तिचं निघालं.

मौतीला गेलो तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "तुमी खोटं बोलले नाही, गुरुजी. मले मालूम आहे."

या वेळी मी 'कशावरून' विचारलं नाही.

"पण मी तं त्याची बहीण होती ना? मंग तो तुमालेच काहून दिसला?"

मी चपला घालून बाहेर पडलो.

पुढे ती तुमसरला लेकीकडे राहायला गेली. एकदा मी तिथे गेलो. चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. तिने चहा दिला, विचारलं, "इकडं कसे, गुरुजी?"

"राईस मिलवर काम होतं," मी म्हणालो. चहा प्यायलो आणि उठलो.

गेल्या उन्हाळ्यात ती वारली. ती वाक्यं अशी होती — "शेवंताबाई, मी त्याला पाहिलं हे खरं. पण तुम्हाला मालूम होतं, हेही तेवढंच खरं होतं. मी जाळं थांबवायला नको होतं. मला माफ करा."